दाढेनं केलेली चुगली

दाढ मोडली ती भडंग खाताना. २०२४च्या मार्चचा शेवटचा आठवडा, दुपारचे चार, टेबलभर व्यापाऱ्यांच्या फायली आणि त्यांच्यामध्ये कागदाच्या पुडीतलं भडंग. कड्‌ असा आवाज कानाच्या आतून आला. शेंगदाण्याबरोबर खडा आला असणार म्हणून बोटावर काढून पाहिला, तर पांढरा, एका बाजूनं धारदार. खडा माझाच होता. जीभ फिरवली, तर डावीकडच्या खालच्या दाढेचा कोपरा गायब. तो तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि पुढची एन्ट्री केली. तो परत चिकटवता येत नाही हे मलाही कळतं, पण हिशेबाच्या माणसाच्या हातून काही फेकवत नाही.

मी इचलकरंजीत लोकांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते. यंत्रमागवाले, सूत व्यापारी, दोन सायझिंगवाले (सुताला खळ देणारे), एक बेकरी. पूर्वी आमच्याकडे हे काम करणाऱ्याला दिवाणजी म्हणत. एक म्हातारे मालक मला अजून ‘दिवाणजीबाई’ अशीच हाक मारतात. वय सेहेचाळीस, हाताखाली दोन मुली, घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि अधूनमधून येऊन राहणारी आई. महिन्याच्या ७, ११ आणि २० या तारखा माझ्या डोक्यात कोरलेल्या आहेत. टीडीएसचा भरणा, जीएसटीआर वन म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरण, आणि थ्रीबी म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न. लोकांना एकादशी लक्षात राहते तशा.

पण तो मार्च नेहमीचा नव्हता. आयकराचं ४३बी(एच) हे कलम त्या वर्षापासून लागू झालं होतं. लहान उद्योगाकडून माल किंवा काम घेतलं तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले, आणि मार्चअखेर देणं तसंच राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, म्हणजे तेवढा नफा फुगून कर लागणार. कापडाच्या धंद्यात तीन-तीन महिन्यांची उधारी म्हणजे रोखच समजतात. त्यामुळे जानेवारीपासून फोन सुरू झाले, ते थांबेनात. ‘म्याडम, ह्यो आमचा माणूस मायक्रो हाय का स्मॉल?’ ‘म्याडम, आमचं उद्यम काढून द्या.’ (उद्यम म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी.) ‘म्याडम, आमचं काढलेलं उद्यम रद्द हुतंय का बघा, गिऱ्हाईक तुटालंय.’ प्रत्येकाला वाटायचं की हा कायदा मीच केलाय. आणि खरं सांगायचं तर, त्याचं निवारणही मीच करायला पाहिजे असं मलाही वाटायला लागलं होतं.

शरीर तेव्हा बोलत होतं, पण सुट्या सुट्या तक्रारी करत होतं, त्यामुळे मी प्रत्येकीला वेगळं कारण चिकटवलं होतं. सकाळी कानशिलं दुखायची, तो चष्म्याचा नंबर. जबडा जड व्हायचा, ती उशी बदलली म्हणून. पोटात डब्ब आणि छातीशी जळजळ, तो चहा. (नऊ कप. मोजले तेव्हा मलाच पटेना.) पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची, ती शेजारच्या कारखान्याची पाळी बदलते म्हणून. शेजारच्या कारखान्याची पाळी साडेतीनला बदलत नाही. ताळा जुळत नसला की आम्ही फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि पुढं जातो. माझं सगळं दुखणं मी सस्पेन्सला टाकत होते.

आणि वागणं? वरणात मीठ दोनदा पडायचं, म्हणून नंतर पडायचंच नाही. एकच जीएसटी नंबर तीन-तीनदा वाचून टाइप करायचा. हाताखालच्या मुलीनं एक बिल दोनदा चढवलं म्हणून मी तिच्यावर अशी ओरडले की ती बाथरूममध्ये जाऊन रडली. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायलाही वेळ झाला नाही. वेळ झाला नाही हे तेव्हाचं कारण. आता वाटतं, लाज वाटत होती.

दात मी खाते हे पहिल्यांदा आईनं सांगितलं. नवऱ्याला कळायला हवं होतं, पण तो मागाच्या खोलीला लागून असलेल्या घरात वाढलेला. बावीस मागांच्या खडखडाटात झोपलेल्या माणसाला बायकोचे दात काय उठवणार! आई एप्रिलमध्ये राहायला आली आणि सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, ‘पोरी, रात्री दात खातीस की गं कराकरा. खडीसाखर फोडल्यागत आवाज येतोय. जंताचं औषध घे.’

मी हसले. मग आठवलं, दाढ दाखवायची राहिलीय.

दातांच्या डॉक्टरांकडे गेले ते २० तारीख उलटल्यावर. आरसा तोंडात घालून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘रात्री दात खाता का?’ म्हटलं, आई म्हणते तसं. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि दाखवलं. दाढांना डोंगर-दऱ्या असतात, माझ्या दाढा जात्याच्या तळीसारख्या सपाट झालेल्या. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, नक्षीदार वाटीच्या काठासारखे. गालाच्या आत एक आडवी पांढरी रेघ. मग त्यांनी दोन्ही बाजूंनी जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून दाबलं आणि मी खुर्चीतून उठले. दुखलं जबड्यात, पण कळ गेली थेट कानशिलात. ‘हे तुमचं चष्म्याचं दुखणं,’ ते म्हणाले.

दाढेला कॅप बसवायची ठरली आणि रात्री घालायला गार्ड. गुलाबी रंगाचा थंडगार लगदा घातलेला ट्रे तोंडात दाबून माप घेतात. घशाशी उमळून येतं, नाकानं श्वास घ्या असं सांगतात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा, आणि साच्यावरून कडक पारदर्शक टोपण. पहिले चार दिवस तोंडात दुसऱ्याचे दात ठेवून झोपल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ‘गार्ड दात वाचवेल, दात खाणं थांबवणार नाही. झिजायचं ते प्लॅस्टिक झिजेल, एवढंच.’ घोरता का, हे दोनदा विचारलं, कारण झोपेत श्वास अडत असला तरी असं होतं. मग म्हणाले, बीपी कधी तपासलंय?

दिवसासाठी त्यांनी एक साधी गोष्ट दिली, आणि सगळ्या उपचारांत मला ती सगळ्यात आवडली. तोंड मिटलेलं असतानाही वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेले नसावेत. ओठ मिटलेले, दात सुटे. हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. कॉम्प्युटरवर एखादी खूण लावा आणि नजर गेली की दात लागलेत का बघा, म्हणाले. मी मॉनिटरच्या चार कोपऱ्यांना चार टिकल्या लावल्या, मरून, मध्यम. पहिल्या दिवशी दर वेळी दात आवळलेले. दर वेळी! फोन वाजला की आवळलेले, फोन ठेवला की आवळलेले, बेरीज जुळली तरी आवळलेले. मला वाटायचं मी शांतपणे काम करते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, १५८ वर ९६. मी म्हटलं, जिना चढून आले ना. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, १५४ वर ९४. मी म्हटलं, तुमच्याकडे आलं की वाढतंच. त्यांनी वाद घातला नाही. चोवीस तासांचं यंत्र लावू म्हणाले.

ते यंत्र म्हणजे कमरेला वॉकमनएवढी डबी आणि दंडाला पट्टा. दिवसा दर अर्ध्या तासानं आणि रात्री तासातासानं पट्टा आपोआप आवळतो. त्या वेळी हात सैल सोडून, न हलता, न बोलता थांबायचं. आणि एका वहीत लिहायचं, कुठल्या वेळी काय करत होता. वही म्हटल्यावर मी खुश. सात वाजता दूध तापवणे. साडेआठ डबा. सव्वाअकराला एका व्यापाऱ्याचा फोन चालू असताना घुंईं करून पट्टा आवळायला लागला. यंत्राचा नियम न बोलण्याचा, व्यापाऱ्याचा नियम थांबण्याचा नाही. मी गप्प बसले, तर तो ओरडला, ‘हॅलो! म्याडम! रेंज गेली का?’ रात्री दर तासाला दंड आवळला की मला वाटायचं कुणीतरी उठवतंय, आणि मी अर्धवट झोपेत ‘हो, भरते’ म्हणायचे. हे नवऱ्यानं सांगितलं. यंत्राच्या घुंईंनं मात्र तो उठला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आलेख पुढ्यात ठेवला. मी आकड्यांवर जगणारी बाई, मला कुणी ‘तुम्ही फार ताण घेता’ म्हटलं असतं तर मी ते ऐकून सोडून दिलं असतं. पण दिवसाची सरासरी १४१ वर ८९ आणि रात्रीची १३२ वर ८३ हे छापून आलेलं होतं. सव्वाअकराचा फोन, १६४ वर १०२. ‘ही रेघ बघा,’ डॉक्टर म्हणाले. ‘झोपलं की दाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के उतरायला पाहिजे. तुमचा किती उतरला?’ मी मनातल्या मनात भागाकार केला. सहा टक्के. ‘म्हणजे तुम्ही झोपता, पण तुमचं शरीर दुकान बंद करत नाही.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. समोर कुत्रा आला की मेंदू मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. ॲड्रेनलिन काही सेकंदांत सुटतं, नाडी धावते, दाब चढतो, स्नायू आवळतात, पचन मागं पडतं. पाठोपाठ कॉर्टिसोल येतं, ते रक्तातली साखर वाढवून इंधन पुरवतं. कुत्रा गेला की सगळं उतरतं. हे पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी आहे. ‘तुमचा कुत्रा जातच नाही,’ ते म्हणाले, ‘त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत.’ पहाटेच्या जागेचंही त्यांनी सांगितलं. कॉर्टिसोल मध्यरात्री तळाला असतं आणि पहाटेकडे उठण्याच्या तयारीला चढायला लागतं. आधीच सावध असलेल्या माणसाची झोप तिथंच मोडू शकते. पण सगळं खापर तणावावर फोडू नका, असंही ठणकावलं. वडिलांना बीपी होतं, वजन आठ किलो जास्त, जेवणात रोज लोणचं-पापड, नऊ चहा. थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह तपासून घेतलं. रोज सकाळी एक छोटी गोळी सुरू झाली.

मी निघायला उठले, तर त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, ‘गेल्या दोन आठवड्यांत एखाद्या गोष्टीत मन रमलं का?’

एवढाच प्रश्न. मी विचार करायला लागले आणि मला एकही गोष्ट आठवेना. मी रडले. दवाखान्यात, बाहेर वीस माणसं नंबर लावून बसलेली असताना. डॉक्टरांनी टिशूचा खोका सरकवला आणि कोल्हापुरातल्या एका समुपदेशक बाईंचा नंबर लिहून दिला.

तो कागद पर्समध्ये दाढेच्या तुकड्याशेजारी दीड महिना पडून होता. इचलकरंजी तशी मोठी, पण कुणाची बायको कुठल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली हे संध्याकाळपर्यंत कळण्याइतकी लहान. कोल्हापूर तीस किलोमीटर, ती अडचण नव्हती. अडचण ही की मला वेड लागलेलं नव्हतं, मग मी कशाला जाऊ? जूनमधल्या एका पहाटे, पावणेचारला, गच्चीवर बसून मी १४४१६ लावला. टेलि-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, २०२२च्या ऑक्टोबरपासून चोवीस तास चालते. पलीकडे मराठी बोलणारी एक मुलगी होती. तिनं काही जादू केली नाही. मी बोलले, तिनं ऐकलं, मधे एकदाही ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणाली नाही. शेवटी विचारलं, जवळ कुणी भेटायला आहे का. मी म्हटलं, पर्समध्ये एक नंबर आहे.

जूनमध्येच केस गळायला लागले. कंगव्यात पुंजके, न्हाणीच्या जाळीवर पुंजके. आमच्या गावात केस गळले की पहिला आरोपी पाणी, आणि पंचगंगेची अवस्था बघता कुणी त्याची बाजूही घेत नाही. मी फिल्टरच्या चौकशीला लागले होते. डॉक्टर म्हणाले, ‘पाण्याला नावं ठेवण्याआधी मार्च आठवा. मोठा ताण येऊन गेला की केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. बिल उशिरा येतं.’ येतील परत, म्हणाले. आले, पण कपाळाजवळ उभे राहिले, शेतात उगवण झाल्यासारखे.

कोल्हापूरच्या बाईंकडे पहिल्या दिवशी मी पाऊण तास फक्त ४३बी(एच) समजावून सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. मला वाटलं, कलम लिहून घेतायत. शेवटी त्यांनी कागद फिरवला. त्यावर नुसत्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून आडव्या छेदलेल्या. ‘एकसष्ट,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही एकसष्ट वेळा च वापरलात.’ काम आजच झालं पाहिजे. मीच बघायला पाहिजे. चूक होताच कामा नये. मुलाचा डबा मीच करते. माझं कुणी ऐकतच नाही.

त्या ज्या पद्धतीनं काम करायच्या ती अल्बर्ट एलिस यांची, १९५५ सालची, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. मला त्यातली भावलेली गोष्ट म्हणजे तीन रकाने. पहिल्यात घटना, तिसऱ्यात परिणाम, आणि मधल्यात, जिथं आपण कधी काही लिहीतच नाही, आपण त्या घटनेबद्दल स्वतःला काय सांगितलं ते. ‘व्यापारी ओरडला’ आणि ‘छातीत धडधड’ यांच्या मधे माझ्या वहीत निघालं : ‘हा दुसरीकडे गेला तर सगळे जातील, आणि मग कळेल की मला काहीच येत नाही.’ हे वाक्य मी कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. शाईनं लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या बोगस बिलासारखं दिसलं. आकडा मोठा, खाली सही नाही.

हे लगेच पटलं आणि मी बदलले असं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात मी बाईंना तणतणून विचारलं, ‘मग तारीख चुकवू का? विलंब शुल्क तुम्ही भरणार?’ त्या म्हणाल्या, तारीख पाळा की. तारखेला च नका लावू. ‘वेळेत भरणं मला हवंय’ आणि ‘वेळेत भरलंच पाहिजे, नाहीतर मी संपले’ यांत रिटर्न एकच जातं. दुसऱ्यात दाढ जाते.

कामात मी काही बदल केले, ते थोडक्यात. रात्री आठनंतर फोन बंद. फी वाढवली. सर्वांत जास्त ओरडणारे तीन व्यापारी सोडले. एकानं गावभर सांगितलं की बाईला शिंगं फुटली. थ्रीबीचं काम पूर्णपणे त्या मुलीकडे दिलं, जी बाथरूममध्ये रडली होती. तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, ‘मला वाटलं तुमच्या लक्षात नसंल.’

आणि काळजीसाठी रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा अशी वेळ ठेवली. दिवसभरात काळजी आली की वहीत नोंद, ‘सहाला बघू’. सहाला वही उघडली की निम्म्या नोंदी का केल्या हेच आठवायचं नाही. उरलेल्या निम्म्या मात्र खऱ्या असायच्या, त्यांच्यापुढे अर्धा तास बसायला लागायचं. मुलाच्या बारावीचं काय होणार, हे काही सहाला विचारून सुटलं नाही.

सप्टेंबरला मी पुन्हा घसरले. ऑडिटची ३० तारीख, आणि अगदी तोंडावर ७ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढली. मुदत वाढली की काम कमी होत नाही, जागरण वाढतं. नवऱ्याला कशातही माग दिसतो, तो म्हणाला, ‘बीमला ताण नसला तर कापड झोळ येतं, जास्त झाला तर तार तुटते, आम्ही दिवसातनं चारदा हात लावून बघतो. तू वर्षातनं एकदा बघतीस, ते पण तुटल्यावर.’ मी त्याला म्हटलं, झोप. पण सकाळी गार्ड धुताना उजेडात धरून पाहिला, तर डाव्या बाजूला खोल खाच पडली होती. दातांच्या डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले, ‘हा सप्टेंबर ना?’

दिवाळीनंतर पुन्हा चोवीस तासांचं यंत्र लावलं. दिवसा १२९ वर ८१, रात्री ११५ वर ७१. भागाकार मी दवाखान्यातच केला, अकरा टक्क्यांच्या आसपास. गोळीनं किती, कमी झालेल्या पापडानं किती आणि च काढल्यानं किती, याची फोड डॉक्टर करून देत नाहीत. मी विचारली. ते म्हणाले, ‘बाई, हे एकत्रित खातं आहे.’

आई दिवाळीला आली ती मतदान करून जाते म्हणून राहिली. २० नोव्हेंबरला मतदान आणि त्याच दिवशी थ्रीबी, दोन्ही एकदम. बावीस तारखेला सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली,

‘परवा रात्री खात हुतीस दात. काल नाही खाल्लास.’

‘काल नाही?’

‘नाही. मी जागीच हुते. औषध घेतलंस न्हवं जंताचं?’

घेतलं म्हटलं.